पहिल्या आकड्याला नाही

एमिल ड्रोबनाकने एकदा एक जुनी मोटार घ्यायला आठ महिने लावले होते. विकणारा बिचारा शेवटी वैतागून म्हणाला, "बाबा रे, फुकट घेऊन जा, पण परत माझ्या दारात उभा राहू नकोस." एमिलने फुकट नेली नाही. आपल्या मते योग्य होते तेवढे डॉलर मोजले, आणि वर इंजिनाचं तेल बदलून मागितलं. आमच्या कार्व्हर फेरी गावात ही गोष्ट अजून सांगतात. छपराचं काम असो, मुलीच्या लग्नाचा हॉल असो, समोरच्याने आकडा सांगितला की एमिल टोपी काढायचा, डोकं खाजवायचा, टोपी परत घालायचा आणि म्हणायचा, "नाही." टोपी काढली की शेजारपाजारचे आधीच हसायला लागायचे.

लोक त्याला चिक्कू म्हणत. म्हणेनात का! लोकांचं काय जातंय. चिक्कू माणूस तीस वर्षं चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या दर उपासाच्या शुक्रवारी फुकट मासे तळत उभा राहत नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं, आणि ते फार जुनं होतं.

एमिल बावीस वर्षांचा असताना पोलाद कारखान्याच्या मालकांनी कामगारांपुढे कागद ठेवला. तासाला सव्वा डॉलर कमी घ्या, कारखाना जगेल. युनियनच्या हॉलमध्ये हात वर करून मतं घेतली. त्याच्या बायकोला, रीटाला, तेव्हा सातवा महिना होता, पहिलीच खेप. एमिलने हात वर केला. दोन ओळी पुढे त्याचा बाप वासिल बसला होता, एकतीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. कोणी कोणी हात वर केलेत ते पाहायला म्हातारा मागे वळला आणि त्याला आपल्या पोराचा हात दिसला.

चौदा महिन्यांनी कारखाना बंद झालाच. सव्वा डॉलरही गेला, कारखानाही गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. वासिल पोराशी वर्षभर बोलला नाही, आणि बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "पहिला आकडा चोराचा असतो, पोरा. त्याला हो म्हणणाऱ्याला तोच पहिला लुटतो."

हे वाक्य एमिलच्या हाडांत जाऊन बसलं. त्याच्या जोडीला आणखी एक, कारखान्याच्या फाटकावर युनियनने रंगवलेलं: करार नाही तर काम नाही. बोलणी चालू असताना फोरमनचा खाली पडलेला हातमोजासुद्धा उचलून द्यायचा नाही, अशी त्या लोकांची रीत होती. फाटक मोडून भंगारात गेलं, तरी रीत राहिली.

कारखाना बंद पडल्यावर एमिल गावच्या शाळेत लागला. गवत कापायचं, नळ दुरुस्त करायचे, आणि अमेरिकन फुटबॉलच्या, हाताने चेंडू फेकायच्या खेळाच्या, मैदानावर फक्की मारायची. त्याच्या रेघा इतक्या सरळ असत की बाहेरगावचे प्रशिक्षक वाकून बघत. चाळिशीत त्याला आणि रीटाला मुलगा झाला. थोरली मुलगी तोवर अठरा वर्षांची झाली होती. हे शेंडेफळ म्हणजे गेब. बाप फक्की मारायचा आणि हे पोरगं त्याच्या मागे चेंडू फेकत फिरायचं. आठव्या वर्षी ते चेंडू असा फेकायचं की तो हवेत डगमगायचा नाही. एमिलचा कारखान्यातला दोस्त लूथर गेन्स एकदा ते बघून म्हणाला, "एमिल, लेका, तुझ्या घरात हे कुठून आलं? तुला तर टोपलीत कागद टाकता येत नाही."

गेब मोठ्या व्यावसायिक टीममध्ये गेला तेव्हा त्याला पहिला करार मिळाला चार वर्षांचा. नव्या पोरांच्या पगारात घासाघीस नसतेच. कितव्या नंबरावर उचललं त्यावर आकडा आधीच ठरलेला. एमिलला हे काही केल्या पटेना. "मग सही कशाला घेतात? अंगठा घ्या म्हणावं!" दोन वर्षं गेब बाकावर बसला. तिसऱ्या वर्षी पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा गेला, आणि चेंडू गेबच्या हातात आला. क्वार्टरबॅक म्हणजे टीमचं डोकंही तोच आणि हातही तोच. गेबने बारा सामने खेळले आणि नऊ जिंकले. कार्व्हर फेरीत ज्या खिडक्यांना काचा नव्हत्या तिथेसुद्धा त्याच्या नंबरचे सदरे टांगले गेले.

तीन वर्षं झाली की नव्या कराराची बोलणी करता येतात. मार्चमधल्या एका शुक्रवारी गेबचा एजंट टीग स्वतः गावात आला. एमिल चर्चच्या तळघरात मासे तळत होता. रीटा दाराशी ताटांची तिकिटं फाडत होती. गेब आपला सगळ्यांसारखा लांब टेबलावर बसून मासा आणि कोबी घातलेले नूडल खात होता. टीग चकचकीत बूट सांभाळत तेलाच्या कढईपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्टर ड्रोबनाक, आकडा आलाय. चार वर्षं, बारा कोटी डॉलर. त्यातले साडेचार कोटी पक्के."

"पक्के म्हणजे?"

"म्हणजे हात मोडो, पाय मोडो, टीमने हाकलून देवो, ते पैसे गेबचेच."

"आणि उरलेले साडेसात?"

"ते... टीमने ठेवला तर."

"म्हणजे हवेतले," एमिल म्हणाला आणि मासा उलटला.

लूथर पलीकडे बटाटे तळत होता. तो म्हणाला, "हवेतले साडेसात कोटी माझ्याकडे टाका हो साहेब, मी झेलतो. गुडघे गेलेत, पण तेवढ्यासाठी धावेन."

तळघर हसलं. एमिल हसला नाही. "बाकीचे टीमवाले आपल्या क्वार्टरबॅकला वर्षाला पाच कोटी देतात. माझ्या पोराला तीन. का? तो काय अर्ध्या हाताने फेकतो?"

"त्यांनी पाच-पाच वर्षं फेकून दाखवलंय," टीग म्हणाला. "गेबने बारा सामने. हे बघा, यंदा जुन्या करारात त्याला चौतीस लाख मिळणार, आणि त्यातला एक डॉलर पक्का नाही. पोरगा दोरीवर चालतोय आणि खाली जाळी नाही. हे लोक जाळी बांधून देतायत. घ्या."

"सही कर आणि मोकळा हो रे गेब," रीटा दारातून म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही. साडेचार कोटी! आपल्या सात पिढ्यांनी मिळून एवढे पाहिले नसतील."

"तुला मधे बोलायला कोणी सांगितलं?"

"नऊ महिने पोटात मी वागवलाय, तू नाही. मी बोलणार."

गेबने ताट बाजूला सारलं. चोवीस वर्षांचा, सहा फूट तीन इंच. सत्तर हजार लोक बोंबलत असताना तो डोकं शांत ठेवून निर्णय घ्यायचा. पण त्या तळघरात त्याने बापाकडे पाहिलं, आठव्या वर्षी पाहायचा तसंच. "पप्पा, तुम्ही सांगा. यातलं तुम्हाला कळतं."

एमिलने झारा खाली ठेवला. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"नाही."

लोकांनी टेबलं बडवली, शिट्ट्या मारल्या. गेबही हसला. टीगने मात्र कपाळाला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

टीमने उलट निरोप पाठवला: ठीक आहे, आता बोलणी उन्हाळ्यानंतर. एप्रिलमध्ये टीमचा सराव सुरू व्हायचा होता. तो मर्जीचा सराव, यायलाच पाहिजे असं नाही. टीगचा फोन आला तेव्हा तिघं जेवायला बसले होते. गेबने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गेब, बोलणी अडली असली तरी सरावाला जा. माझं ऐक. त्यांच्या आवारात पाय मोडला तर पगार त्यांच्या डोक्यावर. बाहेर मोडला तर तुझा तू. तशी अटच आहे करारात."

एमिलने काटा ताटात आपटला. "ही फोरमनची भाषा झाली! आधी भीती घालायची, मग फुकटात राबवायचं. आणि एकदा का तू निमूट कामावर गेलास की ते कशाला आकडा वाढवतील? गाय फुकट दूध देतेय म्हटल्यावर विकत कोण घेणार?"

"मिस्टर ड्रोबनाक, हा कारखाना नाही."

"मालक आहे ना? कामगार आहे ना? मग कारखानाच आहे. करार नाही तर काम नाही."

टीग म्हणाला, "गेब, निर्णय तुझा," आणि फोन बंद केला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. एमिलने तर फुंकता फुंकता वाटीच सांडली. पण हे आत्ता सांगणं सोपं आहे. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात खोट काढेल असा माणूस आमच्या गावात एक नव्हता. आम्ही सगळे त्याच फाटकातून आत-बाहेर केलेले.

"बाकीची पोरं जातायत, पप्पा," गेब एवढंच म्हणाला.

"त्यांचे करार झालेत. तुला सराव करायचाय ना? मैदान आहे की आपलं. मी गवत कापतो, फक्की मारतो. त्यांच्यापेक्षा सरळ."

रीटा उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्या भांड्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येत होता.

महिनाभर सगळं छान चाललं. सकाळी आठला बापलेक मैदानावर. लूथरचा पुतण्या कोरी पळून चेंडू झेलायचा. एमिल निवृत्त झालेला, पण शाळेने किल्ली त्याच्याकडेच ठेवली होती. तो पांढऱ्या रेघा मारायचा आणि कुंपणाला टेकून बघायचा. इतका सुखात तो कधी कुणाला दिसला नव्हता. "उन्हाळ्यानंतर पाच कोटींवर येतात की नाही बघ," तो लूथरला म्हणायचा. "नाक घासत येतील."

मे महिन्यातला मंगळवार होता. गेबने चेंडू घेतला, तीन पावलं मागे गेला, उजवा पाय रोवला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गेब लगेच पडला नाही. त्याने आधी मागे वळून पाहिलं.

"पप्पा, कोणी मारलं?"

मागे कोणी नव्हतं. मग तो खाली बसला आणि टाचेमागे हात नेला. जिथे दोरासारखी ताठ शीर लागायला हवी तिथे बोट मऊ मांसात गेलं. गेब ओरडला नाही. तो तोंड गवतात खुपसून पडून राहिला.

कोरीने गाडी आणली. गेबला उचलून नेल्यावर एमिल मात्र गेला नाही. लूथर त्याला शोधत आला तेव्हा हा चौसष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यांवर रांगत गवत चाचपत होता. खड्डा शोधत होता. एखादा दगड, एखादं उंदराचं बीळ, काहीतरी. जमीन तळहातासारखी सपाट होती.

"चल लेका," लूथर म्हणाला. "शिरा अशाच तुटतात. कुणाचा दोष नसतो."

"खड्डा असता तर बरं झालं असतं रे," एमिल म्हणाला.

दुपारी हॉस्पिटलमध्ये टीमच्या कचेरीतून फोन आला. बाईचा आवाज होता, फार गोड. डॉक्टर काय म्हणाले, दुखतंय का, आई आलीय का, सगळं विचारलं. मग विचारलं, "आणि हे झालं कुठे, गेब?"

गेबने बापाकडे पाहिलं. खोटं बोल, असं एमिलच्या जिभेवर आलं होतं; पण टीमचं आवार साडेतीनशे मैलांवर, खोटं तरी काय बोलणार?

"गावी," गेब म्हणाला. "शाळेच्या मैदानावर."

"बरं," बाई म्हणाली. "काळजी घे हं."

ऑगस्टमध्ये टीमने त्याचं नाव बाहेर दुखापत झालेल्यांच्या यादीत टाकलं. यंदाचे चौतीस लाख बंद. नव्या कराराचं नाव कोणी काढेना. टीग भांडला, वकील लावला. कागद स्वच्छ होता. त्यांच्या हिरवळीवर, त्यांच्या डॉक्टरसमोर, त्यांच्याच मर्जीच्या सरावात हीच शीर तुटली असती तर पगार एक डॉलरने कमी करता आला नसता. आणि मार्चमध्ये सही केली असती तर कुठेही तुटू दे, साडेचार कोटी घरात. हे हिशेब कार्व्हर फेरीत प्रत्येक केशकर्तनालयात झाले. बापाने घालवलं पोराला, म्हणायला लागले. ज्यांनी टेबलं बडवली होती तेच म्हणायला लागले! लाज वाटायला हवी होती मेल्यांना.

एमिलने काय केलं, तर तक्रार अर्ज लिहिला. शाळेतल्या कामगारांच्या युनियनचा प्रतिनिधी असताना त्याने असे शेकडो लिहिले होते, त्याला त्याचा नमुना पाठ होता. तारीख, जागा, साक्षीदार. तक्रार कोणाविरुद्ध, या ओळीत त्याने स्वतःचं नाव घातलं. "वरील कामगार कामावर यायला तयार होता. त्याला मी अडवलं. चूक माझी आहे, शिक्षा त्याला देऊ नये. माझ्या पेन्शनमधून कापून घेता येईल ते घ्यावं." तीन आठवड्यांनी टीमकडून उत्तर आलं, दोन ओळींचं. पत्राबद्दल आभार, आणि गेब लवकर बरा होवो. रीटाने ते वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली. कित्येक महिन्यांनी ती पहिल्यांदा एमिलशी बोलली. "अरे वेड्या," एवढंच म्हणाली.

हिवाळ्यात टीमने दुसरा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि गेबला सोडून दिलं. गेब आईबापाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. बापाला तो एक शब्द वावगा बोलला नाही. तेच वाईट होतं. एमिल वाट पाहायचा, की पोरगं कधीतरी ताट फेकेल, शिव्या देईल. गेब "मीठ द्या पप्पा" म्हणायचा आणि जेवून वर जायचा. चर्चच्या तळघरात शुक्रवारी एमिलने कढई लूथरकडे दिली आणि स्वतः मागे भांडी विसळायला उभा राहिला.

वसंतात गेब परत मैदानावर जायला लागला. चेंडू तसाच जायचा, सरळ, पण उजवा पाय रोवताना तो क्षणभर थांबायचा. त्या एका क्षणात मोठ्या मैदानावर चार धटिंगण अंगावर येतात. बापाला ते कुंपणापासून दिसायचं, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार.

जुलैच्या शेवटी एमिलला लूथरकडून कळलं, आणि लूथरला कोरीकडून: कुठल्याशा टीमच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा हात मोडलाय आणि त्यांनी गेबला विचारलंय. एमिल घरी चालत आला, पुलावरून, सगळा डोंगर चढून. वाटेत तो एकच वाक्य घोकत होता. सही कर पोरा. जे देतील ते घे. पहिला आकडा घे. चाळीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले नव्हते, म्हणून तो मोठ्याने म्हणून बघत होता. शाळेपाशी आला तर गेबची गाडी मैदानाबाहेर उभी, आणि गेब पिशवी आवळत होता.

"गेब," एमिल धापा टाकत म्हणाला, "ऐक माझं. त्यांचा फोन आला ना, तर—"

"सही झाली, पप्पा. काल दुपारी फोन आला, तेव्हाच केली. आज निघतोय."

एमिलची टोपी हातात होती. कधी काढली ते त्याला कळलं नव्हतं. "मला विचारलं नाहीस."

"नाही." गेबने पिशवीची दोरी ओढली. आवाजात राग नव्हता. "तुम्हाला परत त्यात घालायचं नव्हतं मला. वर्षभर झोपला नाहीत तुम्ही. भिंतीतून ऐकू येतं."

"किती देतायत?" एमिलच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती, मेली. बोलला आणि त्याने जीभ चावली.

गेबने दोन्ही खांदे उडवले.

"आकडा विचारलाच नाही मी."

एमिलने मान हलवली. मग त्याने पिशवी उचलली, गाडीपर्यंत नेली आणि मागच्या सीटवर ठेवली. गेबने ती त्याला उचलू दिली. गाडी वळून पुलाकडे गेल्यावर एमिल मैदानाचं फाटक लावायला गेला. आत गेबच्या सरावासाठी त्याने मारलेली चाळीस यार्डांची फक्की होती, पांढरी, सरळ. त्याने नळाला पाइप लावला आणि ती धुऊन टाकली.